तहार्काचे पुतळे ‘इजिप्तची नक्कल’? अजिबात नाही

गारगोटी: काल दिठी यांनी लिहिलं की पंचविसाव्या घराण्याची, म्हणजे इजिप्तवर राज्य केलेल्या नुबियाच्या (आजच्या सुदानमधल्या कुशाच्या) राजांची शिल्पं ही इजिप्तची नक्कल, नुबियाचं त्यात स्वतःचं काही नाही. रात्रभर ते डोक्यातून जाईना. सुदानमधल्या कावाच्या देवळात सापडलेला, त्याच घराण्यातल्या राजा तहार्काचा स्फिंक्स (सिंहाचं अंग, राजाचा चेहरा) बघा, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. आयाळीची घडण हजारेक वर्षं जुन्या स्फिंक्सवरून घेतलेली, मान्य. पण तो चेहरा! भरलेले गाल, जाड ओठ, नाकपुडीपासून तोंडाकडे उतरलेली घडी, कपाळावर दोन नाग. दुसऱ्या पुतळ्यांवर डोक्याला घट्ट बसलेली टोपी आणि गळ्यातल्या दोरीत अमुन देवाच्या मेंढ्याची मुंडकी. हे इजिप्तच्या कोणत्या राजाचं आहे?

दिठी: चेहरा वेगळा असणारच, माणूस वेगळा आहे. डावा पाय पुढे, हात अंगालगत, पाठीला खांब, त्यावर चित्रलिपी, हे सगळं कुठलं? कावाच्या कामाला तहार्काने इजिप्तमधल्या मेम्फिसचे कारागीर नेले, हे त्याचाच शिलालेख सांगतो. आणि दोन नाग इजिप्तच्या राणी तियेच्या कपाळावरही आहेत, सहाशे-सातशे वर्षं आधी.

सांडणीस्वार: तुम्ही दोघं नागच मोजत बसा. १९१६ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ रायसनरने सुदानमधल्या जेबेल बरकलला फुटक्या पुतळ्यांचे खड्डे उकरले. त्यातला नंतरचा कुशी राजा अस्पेल्टा, तीन मीटरहून उंच, आज बॉस्टनच्या संग्रहालयात उभा आहे. याच रायसनरला केर्माचे, म्हणजे नुबियातल्या त्याहून जुन्या राज्याचे राजे आफ्रिकन असतील हे पटत नव्हतं, त्याने तिथे इजिप्तचा सुभेदार बसवून टाकला. ‘नक्कल’ ही भाषा त्याच मुशीतली आहे.

खडीसाखर: बॉस्टनला गेला म्हणून तरी वाचला. सुदानच्या युद्धात खार्टूमचं संग्रहालय लुटलं गेलं ते वाचलंत ना?

सांडणीस्वार: वाचलं नाही, भोगलं. बाबा खार्टूमला बांधकामावर होते, शुक्रवारी सुटी, आम्ही त्या संग्रहालयात जायचो. दारातले आर्गो बेटावरचे दोन प्रचंड पुतळे बघून मी आईच्या मागे लपायचो. एप्रिल २०२३ मध्ये आईबाबा बसने पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा आणि मग मुंबई असे आले. दोन बॅगा घेऊन. घराला आग लागली म्हणून आतले दागिने शेजाऱ्याचे होत नाहीत, खडीसाखर.

खडीसाखर: आईबाबा सुखरूप आले हे वाचून बरं वाटलं. पण रायसनरने चोरी केली नव्हती, तेव्हाच्या नियमाने सापडलेल्या वस्तूंची सरकार आणि उत्खनन करणारे यांच्यात वाटणी झाली होती. भावनेच्या भरात सगळ्यांना दरोडेखोर ठरवू नका.

सांडणीस्वार: नियम कोणी केले होते? सुदानवर राज्य कोणाचं होतं? २००३ मध्ये स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांना केर्माजवळ दुक्की गेलला सात राजपुतळे तुकड्यांत सापडले, तहार्का ते अस्पेल्टा. ते केर्मातच राहिले. तेव्हा आभाळ कोसळलं नाही.

गारगोटी: मूळ मुद्द्यावर येऊ द्या, कारण हे खड्डेच त्याचं उत्तर आहेत. इ. स. पू. ५९३ मध्ये इजिप्तचा राजा दुसरा साम्तिक याचं सैन्य कुशावर चालून गेलं, पुतळे तेव्हाच फोडले असं बहुतेक अभ्यासक मानतात. कोणीतरी ते तुकडे गोळा करून नीट पुरले. इकडे इजिप्तमध्ये साम्तिकच्या माणसांनी कुशी राजांची नावं खोडली आणि कपाळावरच्या दोनांपैकी एक नाग छिन्नीने उडवला. दिठी, ती शिल्पं आपलीच नक्कल वाटली असती तर फक्त तेवढाच नाग कशाला काढला असता?

दिठी: तियेचा मुद्दा मी सोडत नाही. पण राजाच्या कपाळावर दोन नाग ही कुशाची खूण होती आणि शत्रूने ती ओळखली, हे मानावं लागतंय. ‘नक्कल’ मागे घेते. ‘उसनं’ मात्र ठेवते, कारागीर मेम्फिसचेच होते.

गारगोटी: कारागीर मेम्फिसचे, चेहरा कोणाचा?

खडीसाखर: सांडणीस्वार, वाटणीबद्दल माझं मत तेच आहे. त्या दारातल्या पुतळ्यांचा एखादा फोटो असेल तर मात्र टाका.

सांडणीस्वार: एक आहे, बाबांनी काढलेला. मी त्यात आईच्या मागे आहे, फक्त चप्पल दिसते. उद्या स्कॅन करतो.