बेयटाच्या हातातला ब्लास्टर सेल्डनच्या गणितात कुठे बसतो?

समष्टी (धागा सुरू केला)

आधीच सांगते, असिमोव्हच्या फाउंडेशन मालिकेतल्या पहिल्या तीन पुस्तकांचे शेवट इथे उघडे पडणार आहेत. वाचायची राहिली असतील तर धागा बंद करा आणि पुस्तकं संपवून या, मी इथेच आहे.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगते की एक नाणं उडवलं तर छापा की काटा ते मला सांगता येणार नाही, पण दहा हजार वेळा उडवलं तर छापे साधारण किती पडतील हे मी छातीठोकपणे सांगेन. त्यामुळे हॅरी सेल्डनचं मानसेतिहासशास्त्र मला पहिल्या वाचनातच आपलं वाटलं. असिमोव्ह रसायनशास्त्राचा माणूस. वायूचा एकेक रेणू कुठे जाईल ते कळत नाही, पण डबाभर वायूचा दाब किती हे कळतं, तेच त्याने आकाशगंगाभर पसरलेल्या माणसांना लावलं. अटी दोनच: माणसं प्रचंड संख्येने हवीत, आणि आपल्यावर गणित मांडलंय हे त्यांना ठाऊक नसावं. या हिशोबातून सेल्डनला दिसतं की बारा हजार वर्षांचं साम्राज्य कोसळणार, ते कोणी थांबवू शकत नाही. पुढचा अंधार मात्र तीस हजार वर्षांऐवजी एक हजारावर आणता येईल. त्यासाठी तो दोन वसाहती वसवतो: टर्मिनस ग्रहावर पहिलं फाउंडेशन, आणि दुसरं अशा जागी की जिचा पत्ता कोणालाच नाही. हीच त्याची योजना.

या हिशोबात एकट्या माणसाला किंमत नाही, मालिका ते पुन्हा पुन्हा बजावते. आणि मग दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी काय होतं? साम्राज्याच्या जुन्या राजधानीत, ट्रँटर ग्रहावरच्या ग्रंथालयात, फाउंडेशनचा संशोधक एब्लिंग मिस मरायला टेकलाय. आठवडेच्या आठवडे जुन्या नोंदी उपसून त्याला दुसऱ्या फाउंडेशनचा पत्ता लागलाय. शेजारी फाउंडेशनची बेयटा आहे, तिचा नवरा टोरान आहे, सोबत आलेला विदूषक मॅग्निफिको आहे. मिस तोंड उघडतो, ठिकाणाचं नाव आता येणार, आणि बेयटा त्याच्यावर ब्लास्टर चालवते. कंबरेच्या वर मिस उरतच नाही, मागच्या भिंतीला भोक पडलेलं असतं. बधिर बोटांतून ब्लास्टर जमिनीवर गळून पडतो.

तिने तो चालवला नसता तर मॅग्निफिकोने, म्हणजे माणसांच्या भावना वळवून फाउंडेशन जिंकणाऱ्या म्यूलने, ते नाव ऐकलं असतं आणि हजार वर्षांची योजना त्याच खोलीत संपली असती. म्हणजे अब्जावधी माणसांचं गणित एका बाईच्या एका क्षणावर तोललेलं होतं. मला खरोखर विचारायचंय, ही लेखकाने स्वतःच्याच नियमाशी केलेली तडजोड आहे, की त्याला पहिल्यापासून हेच म्हणायचं होतं? गेले दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये.

---

जुनी_पानं

समष्टी, प्रश्न छान मांडलात. याचं अर्धं उत्तर कथा कशा छापल्या गेल्या त्यात आहे, म्हणून तेवढंच सांगतो.

१ ऑगस्ट १९४१ ला एकवीस वर्षांचा असिमोव्ह भुयारी रेल्वेने संपादक जॉन कॅम्पबेलला भेटायला निघाला होता आणि डोक्यात एकही कथा नव्हती. हातातलं संगीतिकांचं पुस्तक मध्येच उघडलं, त्यातलं सैनिकाचं चित्र पाहून मन सैन्यावरून साम्राज्यावर आणि तिथून आकाशगंगेच्या साम्राज्यावर गेलं. रोमच्या पडझडीचा गिबनने लिहिलेला इतिहास त्याने आधी वाचलेला होताच. पहिली कथा कॅम्पबेलच्या मासिकाच्या मे १९४२ च्या अंकात आली. त्यानंतरच्या कथांत योजना दर वेळी जिंकते. संकट येतं, नायक धीर धरतो, कालकक्षात, म्हणजे ठरल्या वेळी उघडणाऱ्या खोलीत, सेल्डनची आधीच नोंदवून ठेवलेली प्रतिमा उमटते आणि सांगते की हे असंच होणार होतं.

कॅम्पबेलनेच म्हटलं की आता ही योजना उलथवून टाक. असिमोव्ह तयार नव्हता, संपादकाने हट्ट सोडला नाही. त्यातून म्यूल आला, १९४५ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या अंकांत. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: पहिल्यापासून त्याला हे म्हणायचं नव्हतं. पण म्हणायची वेळ आली तेव्हा त्याने अंग चोरलं नाही. कालकक्षातला तो प्रसंग आठवा. सगळे सेल्डनकडे डोळे लावून बसलेत, आणि सेल्डन शांतपणे व्यापाऱ्यांच्या यादवीबद्दल बोलतोय, जी झालेलीच नाही. तीनशे वर्षांत पहिल्यांदा म्हातारा चुकीचं बोलतो. मग कोणीतरी घड्याळाबद्दल विचारतं, सगळे मनगटं वर करून पाहतात, आणि एकाचंही घड्याळ चालू नसतं. म्यूल येऊन ठेपलेला असतो. इतक्या वर्षांनीही तिथे माझ्या पोटात खड्डा पडतो.

---

धातुवेध

मी वेगळ्या वाटेने येतो. मला या मालिकेत माणसांआधी ग्रह दिसतात. ती माणसं त्या त्या ग्रहाच्या मातीची आहेत असं माझं पक्कं मत आहे.

टर्मिनस बघा. आकाशगंगेच्या अगदी कडेला, आणि धातूंचा दुष्काळ. साम्राज्याच्या अणुजनित्रांना इमारती लागायच्या. टर्मिनसवाल्यांना तेवढा धातू आणायचा कुठून? म्हणून ते यंत्रं लहान करत गेले, शेवटी अंगठ्याएवढ्या जनित्रापर्यंत पोचले. तिथल्या होबर मॅलो या व्यापाऱ्याचं सगळं डोकं या एका गरिबीतून आलंय. कोरेल या राज्याशी युद्ध पेटतं तेव्हा तो लढत नाही, माल बंद करतो. मग तिथल्या बाईच्या हातातली अणुशक्तीवर चालणारी सुरी चालेनाशी होते, शेगडी कुरकुरते, धुण्याचं यंत्र नीट धुत नाही, कारखाने थंडावतात. घराघरातून कुरबुर सुरू होते आणि मोठी लढाई न होता युद्ध संपतं. घराच्या ओट्यावरून युद्ध जिंकलेलं मी दुसऱ्या कुठल्या विज्ञानकथेत वाचलेलं नाही.

आणि ट्रँटर! चाळीस अब्जांच्या वर वस्ती, साडेसात कोटी चौरस मैल जमीन, सगळं मिळून एकच शहर. हिरवं काय ते सम्राटाच्या राजवाड्याभोवतीचे शंभर चौरस मैल. वीस शेतकी ग्रहांवरून रोज हजारो जहाजं धान्य आणतात तेव्हा हे शहर जेवतं. सेल्डनकडे आलेला तरुण गणिती गाल डॉर्निक पहिल्यांदा मनोऱ्यावरून खाली बघतो तर त्याला जमीनच दिसत नाही. (ते प्रकरण असिमोव्हने सर्वांत शेवटी, १९५१ च्या पुस्तकासाठी लिहिलं. म्हणजे ट्रँटरचा शेवट आधी लिहून झाला होता आणि वैभव नंतर रंगवलं, हे लक्षात ठेवून ते परत वाचा.) अशा शहराचा गळा आवळायला तोफा नकोत, जहाजं अडली की पुरे.

आता बेयटाकडे येतो. ती तिथे पोचते तेव्हा ट्रँटर लुटला गेलाय. उरलेले लोक शेती करतायत, पायाखालचे धातूचे पत्रे उपटून परग्रहांना विकतायत आणि त्या बदल्यात बी-बियाणं नि गुरं घेतायत. चाळीस अब्जांच्या शहराची माती शेकडो वर्षांनी उघडी पडलीय. वाचलंय ते फक्त विद्यापीठ, कारण लुटीच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी मिळतील ती हत्यारं उचलून ते राखलं. कधी हत्यार न धरलेली पोरं! त्यांनी ग्रंथालय राखलं नसतं तर मिसला काहीच सापडलं नसतं आणि बेयटाला तो ब्लास्टर उचलावाच लागला नसता. तेव्हा एकटी बेयटा कशाला, माझ्या मते तिच्याआधी ती पोरं येतात. त्यांची नावंसुद्धा पुस्तकात नाहीत.

---

रेवा७

तुम्ही सगळे योजना वाचली म्हणून हायसं मानताय. मला त्या खोलीत दुसरंच दिसतं. मिस तिचा मित्र होता. वेडा, शिवराळ, मायाळू म्हातारा. त्याच्याच मनावर म्यूलने ताबा घेऊन त्याला मरेपर्यंत कामाला जुंपलं होतं, आणि शेवटच्या घटकेला त्याला आनंद होता तो फक्त कोडं सुटल्याचा. त्याने मैत्रिणीकडे बघत तोंड उघडलं आणि तिनेच मारलं. टोरानला तर काय घडतंय हेही कळलेलं नाही. बेयटा बरोबर वागली हे मलाही पटतं. पण त्या वागण्याची किंमत आधी मिसच्या बाजूने मोजा, मग आकाशगंगेच्या.

---

समष्टी

रेवा, बरोबर आहे तुझं. मी धाग्याच्या सुरुवातीला त्याला 'मरायला टेकलाय' एवढ्यावर उरकलं, ते तोकडं झालं. जाण्याआधीचे मिसचे दिवस काल रात्री पुन्हा वाचले. तो जेवत नाही, झोपत नाही, अंगाचा सापळा होतो, आणि बेयटा त्याच्या उशाशी बसलेली असते. तिला तोवर संशय आलेला आहे, कारण जिथे जिथे हे चौघं गेले तिथे पाठोपाठ माणसं हताश झाली आणि ठाणी पडली. कॅल्गन ग्रहापासून सोबत असलेला विदूषक हा त्यातला एकच समान धागा. हे ती एकटीच मनात ठेवते, नवऱ्यालाही सांगत नाही. त्या दिवसांतच ती मिसला मनातून निरोप देत असणार.

जुनी_पानं, संपादकाच्या हट्टाबद्दल माहीत नव्हतं, आभार. त्यावरून माझ्या विषयातलं एक सुचलं. वर्गात मी मध्य आणि मध्यक शेजारी शेजारी शिकवते. पन्नास आकड्यांत एक भलताच मोठा आकडा घाला, मध्य लगेच तिकडे ओढला जातो, मध्यक जवळपास जागचा हलत नाही. म्यूल हा तो आकडा. दुसऱ्यांच्या भावना हव्या तशा वळवणारा माणूस सेल्डनच्या नमुन्यात नव्हताच. मग त्याला निस्तरणार कोण? सरासरी माणूस नाही निस्तरू शकत.

आणि इथे मला बेयटाची खरी जागा सापडली असं वाटतं. शेवटी म्यूल स्वतः सांगतो की तिच्या मनाला त्याने हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याकडे, त्या लांब नाकाच्या काटकुळ्या विदूषकाकडे, आपणहून मायेने बघितलं होतं. ते त्याला इतकं मोलाचं वाटलं की ते तसंच राहू दिलं. साऱ्या आकाशगंगेला वाकवणारा माणूस एवढ्या एका ठिकाणी थांबला, आणि त्या न वळवलेल्या मनाने त्याला हरवलं. सेल्डनच्या गणिताने नाही, बेयटाच्या हुशारीनेही फक्त नाही. तिने विदूषकाला जपलं होतं तेव्हा तिला योजनेचा पत्ताही नव्हता.

धातुवेध, ती विद्यार्थी पोरं मीही विसरले होते. घेतली.

---

धातुवेध

हे फार पटलं. मग तिच्या नातीचं काय, समष्टी? आर्काडी चौदा वर्षांची, धीट, लेखिका व्हायची स्वप्नं बघणारी. दुसऱ्या फाउंडेशनचा माग काढायला निघते, कॅल्गनहून पळते, पुन्हा ट्रँटरलाच पोचते, पाल्व्हर नवराबायकोच्या शेतावर. मला ती आजीइतकीच आवडते.

---

समष्टी

मलाही. म्हणूनच तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मला सोसत नाही. 'वर्तुळाला शेवट नसतो', म्हणजे दुसरं फाउंडेशन टर्मिनसवरच असणार, असं तिला वाटतं, वडिलांना कळवते, सगळे खूश. वडील मात्र हादरतात, कारण पोरीच्या मनात कोणी ढवळाढवळ केली असेल तर? ते मेंदूचा आलेख काढणारं यंत्र लावून तपासतात, आलेख स्वच्छ निघतो, आणि ते मुलीला जवळ घेतात. मग पाल्व्हर, तो साधा शेतकरी, दुसऱ्या फाउंडेशनचा प्रमुख निघतो आणि आपल्याला कळतं की आर्काडीच्या मनावर ती तान्ही असतानाच काम झालं होतं, ट्रँटरवरच, म्हणून आलेखात खूण उमटत नाही. तिच्या बापाला हे कधीच कळणार नाही.

ज्या ग्रहावर आजीचं मोकळं मन कामी आलं, त्याच ग्रहावर नातीचं मन वळवलं गेलं. एकाने म्यूलला हरवलं, दुसऱ्याने योजना पुन्हा रुळावर आणली. योजनेला आर्काडी हवी होती. बेयटाची तरतूद कोणीच केलेली नव्हती.

उद्या वर्गात आलेख काढताना त्या स्वच्छ निघालेल्या आलेखाची आठवण येणार मला. जुनी_पानं, हा धागा बेयटाचा असला तरी एक विचारते: सेल्डनला हे तान्ह्या मुलीच्या मनावरचं काम मान्य झालं असतं असं तुम्हाला वाटतं का?

---

जुनी_पानं

चटकन उत्तर देणार नाही. 'सायकोहिस्टोरियन्स' प्रकरण पुन्हा काढतो, गाल डॉर्निकला तो किती सांगतो आणि किती लपवतो ते एकदा नीट बघतो. रविवारी लिहितो.