मदत हवी आहे : कारखान्यातील दिवाळीची पंगत यंदा ठेवावी की नाही?

नमस्कार. मी औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हिशेब आणि आस्थापना ही दोन्ही कामे सांभाळते. आज ७ नोव्हेंबर २०२० आहे. येत्या बुधवारपर्यंत आचाऱ्याला होकार किंवा नकार कळवायचा आहे आणि तो निर्णय मालकांनी माझ्यावर सोपवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे दरवर्षी धनत्रयोदशीला दुपारी दोन वाजता यंत्रे बंद होतात, पॅकिंगच्या शेडमध्ये लक्ष्मीची पूजा होते, सगळे मिळून आरत्या म्हणतात आणि मग तेथेच सतरंज्या टाकून पंगत बसते. पुरी, वांग्याची रस्साभाजी, मसालेभात, बुंदी आणि मठ्ठा, एवढाच बेत असतो. पण एरवी ज्यांच्याशी केवळ हजेरी आणि रजेच्या निमित्ताने बोलणे होते, ती माणसे त्या दिवशी हक्काने आग्रह करतात आणि मालक स्वतः बुंदीची बादली घेऊन फिरतात. कामगार ४६ आणि कार्यालयातील आम्ही ७, अशी ५३ पाने होतात. जेवण उरकले की बोनसची चिठ्ठी आणि फराळाचा पुडा घेऊन जो तो गावाची वाट धरतो. कोणी गंगापूर, वैजापूर, पैठणकडे जातो, तर कोणी थेट गेवराई, अंबडपर्यंत.

यंदा पंगत व्हावी असे म्हणणाऱ्यांची बाजू मला खोटी वाटत नाही. टाळेबंदीत एप्रिलचा पगार निम्माच झाला. जुलैमध्ये १० ते १८ तारखेपर्यंत शहराबरोबर वाळूजही पुन्हा बंद राहिले. ऑगस्टमध्ये स्टोअर सांभाळणारे आमचे काका कोविडने गेले. त्यांच्या अंत्यविधीला आमच्यापैकी कोणालाही जाता आले नाही. पंगतीची सगळी व्यवस्था तेच पाहत असत. परवा आवक नोंदवहीच्या मागच्या पानावर त्यांच्या अक्षरातील गेल्या वर्षीची यादी सापडली : ‘वांगी १२ किलो (काटेरी), द्रोण १५० (मागच्या वेळी गळाले, दुसरे आणणे)’. कामगारांना त्यांच्या आठवणीसाठी एकदा तरी एकत्र बसायचे आहे.

आता रुग्ण पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत आणि ५ ऑक्टोबरपासून हॉटेलेही निम्म्या क्षमतेने सुरू झाली आहेत. प्रेस शॉपमधील एका ज्येष्ठ कामगाराने मला सरळ विचारले, “ताई, आठ तास आम्ही शेजारी शेजारी उभे राहतो, एकाच गाडीने येतो-जातो, मग तासभर शेजारी बसून जेवलो तर असे काय बिघडणार आहे?” या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर माझ्याकडे नव्हते. शासनाने दिवाळी साधेपणाने आणि गर्दी टाळून साजरी करण्याचे आवाहन केले आहे, हे मी त्यांना सांगितले; पण आवाहन पुढे केले की समोरचा माणूस गप्प बसतो, त्याला पटलेले मात्र नसते.

सर्वांची अँटिजेन तपासणी (कोविडची झटपट चाचणी) करून, शेडची दारे उघडी ठेवून, अंतर राखून पंगत बसवता येईल का? आणि रद्दच करायची झाल्यास ती कोणाचे मन न दुखावता कशी करावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, मी डॉक्टर आहे आणि गेले सहा महिने कोविड कक्षात काम करत आहे. तुमच्या कामगाराचा प्रश्न योग्य आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. काम करताना तोंडावर मास्क असतो, जेवताना तो काढावाच लागतो. आणि पंगतीत माणूस नुसता जेवत नाही, तो बोलतो, हसतो, पलीकडच्या रांगेतल्याला हाका मारतो. त्याआधी पन्नास माणसे पत्र्याच्या शेडमध्ये टिपेच्या आवाजात आरत्या म्हणणार, ही गोष्ट तर मला जेवणापेक्षाही धोक्याची वाटते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका गायनवृंदाचा सुमारे अडीच तास सराव झाला. हजर ६१ जणांपैकी एकाला लक्षणे होती. पुढे निश्चित आणि संभाव्य मिळून ५३ रुग्ण निघाले आणि दोघे दगावले. राहिला गाडीचा प्रश्न, तर तोही धोकाच आहे. खिडक्या उघड्या ठेवा आणि मास्क काढू देऊ नका.

अँटिजेन तपासणीवर विसंबू नका. लागण होऊनही ती नकारात्मक येऊ शकते आणि मंगळवारी केलेली तपासणी शुक्रवारची हमी देत नाही.

माझी मुख्य हरकत मात्र तारखांना आहे. संसर्ग झाल्यावर लक्षणे साधारणपणे पाचव्या-सहाव्या दिवशी दिसतात (चौदा दिवसही लागू शकतात) आणि लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून तो माणूस इतरांना लागण देऊ शकतो. धनत्रयोदशी १३ तारखेला आहे. त्या पंगतीत कोणाला लागण झाली, तर ती पसरू लागण्याची वेळ १६-१७ तारखेच्या आसपास येते. १६ तारखेला पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आहेत. म्हणजे ज्या दिवशी तो धडधाकट दिसत असेल, बहिणीकडून ओवाळून घेत असेल आणि म्हाताऱ्या आईच्या शेजारी बसून जेवत असेल, नेमका तोच दिवस. तेव्हा प्रश्न ५३ पानांचा नाही, पंगतीवरून उठून ती माणसे ज्या ५३ घरांत जाणार आहेत त्या घरांचा आहे. हीच पंगत सुटीच्या तोंडावर नसती, तर उघड्या मैदानात थोड्या थोड्या माणसांच्या फेऱ्या करून बसवण्याचा विचार तरी करता आला असता.

प्रतिसाद :

डॉक्टरांशी सहमत. मी औरंगाबादच्याच चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वीस वर्षे कामगारांचे प्रश्न हाताळले आहेत, त्यामुळे एकच गोष्ट जोडतो. पंगत रद्द झाली की पहिली कुजबुज ‘मालकांनी पैसे वाचवले’ हीच होईल आणि निम्म्या पगाराच्या वर्षात ती तुम्हाला थोपवता येणार नाही. म्हणून पंगतीचा खर्च किती झाला असता तो आकडा सूचना फलकावर लावा आणि ती सगळी रक्कम कामगारांना द्या, मग रोख असो वा फराळाच्या रूपात. बोनस कायद्याने द्यावाच लागतो (किमान ८.३३ टक्के), त्यामुळे त्यात ही रक्कम मिसळू नका, दोन्हींच्या नोंदी वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

दुसरे म्हणजे निर्णय मालकांच्या तोंडूनच जाऊ द्या. अवघड नकार आस्थापनेच्या माणसाकडून वदवून घेण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे आणि त्याची नाराजी पुढे वर्षभर त्या माणसालाच सोसावी लागते.

प्रतिसाद :

पंगत नको हे मान्य, पण पूजा बंद ठेवू नका. दिवा लागला नाही तर कामगारांच्या मनाला ते लागून राहील.

धागाकर्तीचा प्रतिसाद (१० नोव्हेंबर) :

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचा तारखांचा हिशेब मी कागदावर मांडून मालकांना दाखवला. ते बराच वेळ १६ तारखेवर बोट ठेवून बसले. त्यांच्या आई ८१ वर्षांच्या आहेत. काल पाळी बदलताना प्रवेशद्वाराबाहेरच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतः सर्वांना निर्णय सांगितला. प्रेस शॉपमधील त्या ज्येष्ठ कामगाराने भाऊबीजेचे ऐकून फक्त मान हलवली. दोन तरुण मुले मात्र अजूनही नाराज आहेत आणि त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

शुक्रवारी पूजा होईल. शेडमध्ये मालक, त्यांच्या पत्नी आणि दोन्ही पाळ्यांचे एकेक प्रतिनिधी, असे चौघेच मास्क लावून असतील आणि आरती ध्वनिवर्धकावर लावली जाईल. बोनस थेट बँक खात्यात जमा होईल. पंगतीच्या खर्चाचा आकडा आज फलकावर लावला असून तेवढ्या रकमेचा फराळ त्याच आचाऱ्याकडून करून घेत आहोत. त्यालाही यंदा काम नाही. शेव, चिवडा, करंज्या आणि बुंदीचे लाडू असा पुडा प्रत्येकाला सुटी होताना बाहेरच दिला जाईल. पुडे ५४ सांगितले आहेत. चोपन्नावा पुडा स्टोअरच्या काकांच्या घरी, पैठणला, मी स्वतः दाराबाहेरूनच देऊन येणार आहे.