सोडा नेमका कोणता? खायचा, धुण्याचा का गोटीवाला?

परभणीकर:
काकूनं भज्यासाठी सोडा आणायला लावलं तर किराणावाला विचारायला, खायचा का धुण्याचा. आता पानटपरीवर गोटीवाला बी सोडाच, मग ह्या सगळ्याला एकच नाव कसं काय पडलं राव? कुणाला माहितीय का?

खडू_फळा:
खायचा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा सोडियम कार्बोनेट. तिसरा कॉस्टिक, साबण करायचा, त्याला हात लावू नको, कातडं जळतं. तिन्हीत सोडियम कॉमन, पण नाव उलटं पडलंय बरं का, सोडा आधीचा, १८०७ ला हम्फ्री डेव्हीनं वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडली, धातू निघाला, त्याला सोडियम म्हणला.

टपरी_नंबर_एक:
गोटीवाल्यात सगळा खेळ गॅसचा, कार्बन डायऑक्साइड. पूर्वी खायच्या सोड्यात आम्ल घालून तो गॅस काढायचे आन पाण्यात मुरवायचे, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. बाटली इंग्लंडच्या हायरम कॉडची, पेटंट १८७२ चं. भरताना उलटी धरायची, गॅसच्या दाबानं गोटी आतूनच गळ्यातल्या रबरावर जाऊन बसते, बूच लागतच नाही. अंगठ्यानं दाबली की फट्ट!

मंठा_रोड:
मूळ शब्द राखेचा आहे. समुद्राकाठी खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख, काच न् साबणाला लागायची. शब्द युरोपात जुन्या लॅटिनमधून आला, त्याच्या मागं अरबी असावा असं बरेच जण मानतात, काही जण डोकेदुखीच्या अरबी शब्दाशी जोडतात कारण ते झाड त्यावर औषध म्हणून द्यायचे, मला ते जरा ओढूनताणून वाटतं. आपल्याकडं बी झुडपं जाळूनच सज्जीखार करायचे की. आन लांब कशाला, मंठ्याहून लोणार कितीसं? सरोवराच्या पाण्यात हाच सोडा, हाताला बुळबुळीत लागतं, आईन-ए-अकबरीत बी तिथं काचेचं न् साबणाचं सामान मिळतं असं लिहिलंय.

परभणीकर:
भारी! मंग भज्यात कोणता टाकू, काकू वाट बघायली

टपरी_नंबर_एक:
खायचा, चिमूटभर. नाहीतर पिठात पळीभर कडकडीत तेल वत, सोडा लागतच नाही