शब्दचर्चा : ‘लवचिकता’, ‘सावरणे’ आणि ‘पाणी सोडणे’

प्रश्न : वादळात वाड्या (बागा) गेलेल्या गावांसाठी पत्रक लिहायचं आहे. ‘रेझिलियन्स’ला ‘लवचिकता’ आणि ‘लेटिंग गो’ला ‘सोडून देणे’ चालेल का?

उत्तर : ‘लवचिकता’ अर्धीच पोचते. लवणं म्हणजे वाकणं. पुन्हा उभं राहणं त्यात येत नाही. ‘स्थितिस्थापकता’ पूर्वस्थितीचं वचन देते, आणि तेच इथे खोटं ठरतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या पोफळी (सुपारीची झाडं) मोडल्या. मोडलेली पोफळ पूर्ववत होत नाही, नवी धरायला पाच-सात वर्षं लागतात. ‘सावरणे’ घ्या. तोल सावरतो, पदर सावरतात, घरही सावरतं. आहे त्यातून नीट उभं राहणं, एवढंच हा शब्द कबूल करतो.

– ‘तगणे’ का नको?

तगणं म्हणजे नुसतं जिवंत राहणं. भाताच्या लावणीनंतर पिवळा पडलेला तरवा (रोपं) तगला, एवढंच कळतं; पुढे फुटवे आले की नाही, ते नाही.

– आणि ‘सोडून देणे’?

इथे जपून. ‘देणे’ लागलं की संबंध संपला. होडीचा दोर सोडून दिला तर होडी गेली. भरतीला धक्क्याशी ताठ बांधली, तर ओहोटीला ती दोरावर लोंबकळते आणि खुंटा उपटतो. म्हणून दोर *सैल सोडतात*, उधाणाच्या मोठ्या भरतीला भांगाच्या लहान भरतीपेक्षा जास्त. परिस्थितीशी जुळवून घेणं सांगायचं असेल तिथे हाच प्रयोग हवा.

जे खरंच गेलं त्याला ‘पाणी सोडणे’. दान देताना उदक सोडतात, तसं हे जाणूनबुजून केलेलं असतं. ‘पाणी फिरलं’ हे आपल्यावर ओढवतं, ‘पाणी सोडलं’ हे आपण करतो. प्रत्यय मात्र सांभाळा : वाडी*ला* पाणी सोडलं म्हणजे शिंपण झालं, वाडी*वर* सोडलं म्हणजे आशा संपली.

– मग ‘भूतकाळ सोडून द्या’ हे वाक्य?

काढून टाका. काय सोडायचं ते नाव घेऊन लिहा : ‘पडलेल्या पोफळींच्या उत्पन्नावर पाणी सोडा. बुंधे हलवा. मोकळ्या जागेत केळी लावा; वर्षभरात घड येतो आणि नव्या पोफळीच्या रोपांना सावलीही मिळते.’ मथळ्यात ‘सावरताना’ ठेवा. ‘सावरा’ हा हुकूम वाटतो.