वर्गसमीकरणाची दोन्ही उत्तरं धन आली, आता खोडायचं कुठलं?

जुनी_वही:
मुलीच्या अभ्यासापायी वीस वर्षांनी गणित पुन्हा हातात आलंय. काल या उदाहरणाने घाम फोडला: बाग आयताकृती, २० मी. लांब, १२ मी. रुंद. आतल्या बाजूने चारही कडांना सारख्याच रुंदीचा रस्ता. मधे उरलेली हिरवळ १२८ चौ.मी. तर रस्ता किती रुंद?

आधी मी (२० − क्ष)(१२ − क्ष) = १२८ मांडलं. मुलगी म्हणाली, "आई, रस्ता दोन्हीकडून जातो ना?" मुकाट्याने खोडलं आणि २क्ष केलं. मग क्ष² − १६क्ष + २८ = ० आलं, अवयव पाडले, क्ष = १४ किंवा २. मागे उत्तर फक्त २ दिलंय. आमच्या वेळी "ऋण आलं की सोडून द्या" एवढंच शिकवलं होतं. इथे दोन्ही धन! १४ ने काय घोडं मारलंय?

तिरकी_रेघ:
१४ ठेवून बघा की. लांबी २० − २८ = −८, रुंदी १२ − २८ = −१६. गुणाकार बरोब्बर १२८! दोन ऋण एकमेकांना सांभाळून घेतात, समीकरणाला पत्ता लागत नाही. १२ मीटरच्या बागेत दोन्हीकडून १४-१४ मीटरचा रस्ता काढणार कुठून? मी समीकरणाआधीच कोपऱ्यात ० < क्ष < ६ लिहून ठेवतो. नंतर डोकं लावावं लागत नाही.

पोथीनिष्ठ:
हा घोळ फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (१२ वं शतक) माकडांचं उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जे येईल त्याचा वर्ग, इतकी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२, वर्ग ४, अधिक १, झाली पाच. हिशेब चोख, पण −२ माकडं कुणी पाहिलीत? त्यांनी ५ नाकारलं. तुमच्या −८ आणि −१६ चीच गत.

अर्धा_परीघ:
पण सरसकट एक खोडायची सवय लावू नका तिला. परिमिती २८, क्षेत्रफळ ४८ असा आयत काढायला सांगा. ६ आणि ८ येतात, दोन्ही खरी, आयत एकच. एक लांबी, दुसरी रुंदी.

आणि काटकोन त्रिकोण घ्या, कर्ण १३, एक बाजू दुसरीपेक्षा ७ ने मोठी. क्ष² + ७क्ष − ६० = ०, म्हणजे ५ किंवा −१२. टाकलेल्या −१२ कडे जरा निरखून बघा.

जुनी_वही:
पाहिलं! −१२ मध्ये ७ मिळवले की −५. म्हणजे तोच ५-१२-१३ त्रिकोण, फक्त चिन्हं उलटी. हे मला कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

तिरकी_रेघ, तुमचं ० < क्ष < ६ मुलीने लगेच वहीत उतरवलं. मग पेन्सिल चावत विचारते, "सहा का नाही चालणार?" आकृती काढली तर दोन्हीकडचे रस्ते मधोमध एकमेकांना टेकले. हिरवळ गायब.