कोलांट्या मारणारा कोळी नक्की कुठला?

प्रश्न (मावशी_पुणेकर): डिसेंबरात मोरोक्कोला, मर्झूगाजवळ वाळूत मुक्काम आहे. भाचा म्हणतो, तिथे कोलांट्या मारणारा कोळी असतो. मी म्हणते, तो नामिबियाचा. बरोबर कोण?

रानवेडा: दोघंही. नामिबियातल्या नामिब वाळवंटाचा सोनेरी कोळी अंग दुमडून उतारावरून नुसता घरंगळतो. मोरोक्कोचा पायांनी स्वतःच उसळी घेतो, म्हणून सपाटीवर आणि चढावरही पळतो. सेकंदाला २ मीटरपर्यंत!

मावशी_पुणेकर: म्हणजे भाच्याला मस्तानी देणं आलं. तंबूत शिरेल का हो?

वाळवंटी: ताई, तो दिवसभर वाळूतल्या रेशमी अस्तराच्या बिळात असतो, रात्री शिकारीला निघतो. शास्त्रीय नाव सेब्रेनस रेशेनबर्गी, कोळीतज्ज्ञ पीटर येगर यांनी २०१४ साली दिलं. आढळ फक्त मर्झूगाजवळच्या एर्ग शेब्बी या वाळूच्या टेकड्यांचा, म्हणजे तुमच्या मुक्कामाच्या दारातच. फोटोसाठी डिवचू मात्र नका, कोलांट्यांनी जीव दमतो त्याचा.