विषय: आपल्या बडोद्याच्या मंडळाच्या आनंदमेळ्याच्या फ्रूट कुकीज मऊ पडतायत, शुक्रवारच्या आत सांगा

(कारेलीबाग)
नमस्कार मंडळी,
काल भाजलेल्या कुकीजचा डबा आज सकाळी उघडला, तर सगळ्या सादळल्यासारख्या. कड दाबली तर वाकते, मोडत नाही, आणि प्रत्येक मनुकेभोवती ओलसर डाग आलाय. रविवारच्या ऑर्डरी घेऊन झाल्यात, त्यामुळे पदार्थ बदलणं शक्य नाही. प्रमाण गेल्या वेळी ठरलं तेच: मैदा पाव किलो, लोणी १२५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, काळ्या मनुका, खजूर, सुके अंजीर आणि टूटीफ्रूटी मिळून १५० ग्रॅम. मसाल्यात दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ. फळं रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवली, १८० अंशावर १२ मिनिटं भाजलं. शुक्रवारी पुढचे ट्रे लावायचेत. नेमकं काय बदलू?

(रावपुरा)
लोणी जास्त झालंय. १२५ ऐवजी १०० घ्या. आणि रात्रभर भिजवणं ही केकची रीत, तीही रममध्ये. माझी पुण्याची बहीण नाताळाच्या कितीतरी आधीपासून फळं मुरत घालते, पण ती केकसाठी.

(अलकापुरी)
रमचा विषय इथे नको. गुजरातेत दारूबंदी आहे, परमिट असलं तरी ते ज्याचं त्याच्यापुरतं. स्टॉलच्या पदार्थाशी तो शब्द जोडला गेला तर उत्तरं आम्हाला द्यावी लागतात. दुसरं म्हणजे पाटीवर 'अंडं नाही' असं मोठ्या अक्षरात, मराठी आणि गुजराती दोन्हीत लिहा. आपल्याकडचं गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. जैन कुटुंबं येतात, त्यांना सुंठ चालते का वगैरे प्रश्नही येतील, तर मसाल्यांची नावं लिहिलेली बरी.

(मांजलपूर)
अगं, लोण्याला हात लावू नकोस. लोणी कमी केलंस तर कुकी कडक होईल, पण सादळायची ती सादळेलच. पाणी फळांतलं आहे. मनुकेभोवती डाग दिसतोय म्हणतेस ना, तिथेच उत्तर आहे. रात्रभर रस प्यालेली मनुका १२ मिनिटांत कोरडी होत नाही. डबा बंद झाला की तो ओलावा हळूहळू पिठात उतरतो. साखर तर ओल धरूनच ठेवते.

मी करते ते सांगते. फळं बारीक चिरायची, मनुकासुद्धा अर्ध्या करायच्या. रसात तासभर पुरे. मग पंचात बांधून घट्ट पिळायची. जो रस निघेल तो फेकू नकोस, कढईत आटव, चमच्याला चिकटेल इतका, आणि तेवढाच पिठात घाल. संत्र्याचा वास त्यातच असतो. सध्या खंडेराव मार्केटात नागपुरी संत्री चांगली आहेत, साल किसून घातलीस तर आणखी छान, फक्त पांढरा भाग येऊ देऊ नकोस, कडू होतं. पिळलेली फळं मोजलेल्या मैद्यातल्याच दोन चमच्यांत घोळव. टूटीफ्रूटी मुळीच भिजवू नकोस, पपई पाकात मुरलेलीच असते.

पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे ट्रेवर पसरणार नाही. ओव्हन १६०, वेळ १८ ते २० मिनिटं. १८० वर बाहेर आलेले खजुराचे तुकडे करपतात आणि आत ओलच राहते. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा १२० वर दहा मिनिटं, आणि परत गार झाल्याशिवाय डब्यात एकही जाता कामा नये. लवंग दोनच, ती जास्त झाली की बाकी मसाला कळतच नाही.

(अकोटा)
काकूंचं बरोबर आहे, पण मऊ म्हणजे बिघडली असं का धरायचं? मुलीकडे जर्मनीत नाताळात लेबकुखन नावाची मसाल्याची कुकी खाल्ली. न्यूरेंबर्गची ती प्रसिद्ध, दालचिनी, लवंग, पाकात मुरवलेली साल सगळं असतं, आणि ती मऊच हवी असते. घट्ट झाली तर डब्यात सफरचंदाची फोड ठेवतात. आपणही पाटीवर 'मऊ मसाला कुकी' लिहावं.

(रावपुरा)
त्यात मध असतो आणि लोणी जवळजवळ नसतंच, तो प्रकारच वेगळा. आपल्याकडे स्टॉलवर माणूस कुकी मोडून बघतो. आम्ही लहान असताना आई रवा, मैदा, साखर, तूप डब्यात भरून भट्टीवर पाठवायची आणि समोर उभं राहून नानखटाई करून घ्यायला लावायची. तळहातावर दाबली की भुगा झाला पाहिजे, अशी तिची परीक्षा. ती नानखटाई या वेळीही माझ्याकडेच आहे. तेव्हा कुकीजच्या टेबलावर कोणी नानखटाई मांडू नये, एवढं समितीने लक्षात ठेवावं.

(समिती)
नानखटाई रावपुऱ्याकडेच. मंडळाचा मोठा ओव्हन नाव लावल्याशिवाय कोणी नेऊ नये, दिवाळीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शुक्रवारसाठी अजून कोणाचंच नाव नाही.

(कारेलीबाग)
शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर माझं नाव लावा. रावपुऱ्याच्या वहिनी, तुमचे ट्रे दुपारी होऊ द्या, तुपाची भट्टी आधी झालेली बरी, नाहीतर नानखटाईला लवंगेचा वास लागेल.

मांजलपूरच्या काकू, आज एक ट्रे तुमच्या पद्धतीने केला. पंचातून चांगला वाटीभर रस निघाला, आणि आटवल्यावर जेमतेम दोन चमचे उरला! एवढं पाणी मी आधी पिठात घालत होते. कड आता कट्कन मोडते, मध्ये अंजीर मात्र मऊ आहे, आणि तेच मला हवं होतं. रात्रभर डब्यात ठेवून उद्या सकाळी पुन्हा कळवते. अकोट्याच्या वहिनी, राग मानू नका, पाटीवर 'खुसखुशीत'च लिहितेय. आटवलेल्या रसाचं प्रमाण पाव किलो मैद्याला दोन चमचे, हे समितीने पुढच्या वर्षासाठी वहीत टिपून ठेवा.

(मांजलपूर)
रस दोन चमच्यांपेक्षा जास्त घालू नकोस, आणि मंगळबाजारातून डबे आणशील तर पत्र्याचे आण, प्लास्टिकचे नकोत. प्लास्टिकला आधीच्या फरसाणाचा वास राहतो.